पॉडकास्टचें साहित्य : खर्च किती करावा?

एखाद्या सुशिक्षित कुटुंबांत नवा छंद शिरला म्हणजे त्याच्या पाठोपाठ दुकानाची यादीही शिरते. छायाचित्रणाची आवड उत्पन्न झाली कीं कॅमेऱ्यांचीं पत्रकें येतात. बागेची आवड उत्पन्न झाली कीं कुंड्या आणि फवारे येतात. अलीकडे पॉडकास्टची आवड पुष्कळ घरांत उत्पन्न झाली आहे, आणि तिच्या मागोमाग मायक्रोफोन, हेडफोन, मिक्सर व भिंतींना चिकटवावयाचे स्पंजाचे चौकोन यांच्या याद्याही आल्या आहेत. या याद्यांत हजार रुपयांपासून लाखापर्यंत सर्व प्रकारचे आंकडे असतात. त्यांपैकीं आपल्या घराला शोभणारा आंकडा कोणता, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं. उत्तर एका बाजूला चुकलें तर पैसा वायां जातो. दुसऱ्या बाजूला चुकलें, म्हणजे पैसा जमेपर्यंत थांबावयाचें ठरलें, तर ज्याचें मुद्रण करावयाचें तेंच हातचें जातें. ही दुसरी हानि पहिलीहून मोठी आहे, आणि कोणत्याही यादींत तिचा उल्लेख नसतो.

पॉडकास्ट हा शब्द फार जुना नाहीं. २००४ सालच्या फेब्रुवारींत बेन हॅमर्स्ले या इंग्रज पत्रकारानें ‘गार्डियन’ पत्रांतील एका लेखांत तो सुचविला. आयपॉड नांवाचें गाणीं ऐकण्याचें छोटेंसें यंत्र त्या वेळीं लोकांच्या खिशांत होतें. तें नांव आणि ‘ब्रॉडकास्ट’ म्हणजे ध्वनिक्षेपण, या दोहोंचा हा जोडशब्द. नभोवाणीच्या भाषणाला केंद्र लागतें, प्रक्षेपक लागतो, ठरलेली वेळ लागते, आणि ती वेळ टळली कीं श्रोता भाषणास मुकतो. पॉडकास्टचें तसें नाहीं. बोलणें एकदां मुद्रित करून इंटरनेटवर ठेवलें कीं श्रोता तें आपल्या सवडीनें ऐकतो. कोणी आगगाडींत ऐकतो, कोणी पोळ्या लाटतां लाटतां. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें केंद्र सुरू झालें तेव्हां आवाज दूरवर पोंचविण्यासाठीं कंपनी काढावी लागली होती. आज तेंच काम घरांतील एकट्या माणसाला करतां येतें. अर्थात् कंपनीचा जमाखर्च पाहावयास संचालक होते. घरचा जमाखर्च घरच्यांनाच पाहावा लागतो.

पेण आणि रोहा या दोन गांवांच्या बाजूनें हा प्रश्न पाहिला म्हणजे त्याचें खरें स्वरूप ध्यानांत येतें. मुंबई, ठाणें, पुणें येथें राहणाऱ्या पुष्कळ कुटुंबांचें मूळ घर या दोन तालुक्यांत आहे. गणपतीला आणि होळीला मंडळी तिकडे जातात, आणि परततांना प्रत्येक वेळीं वाटतें कीं, घरच्या व गांवच्या वडीलधाऱ्यांचें बोलणें कोठें तरी सांठवून ठेवावयास हवें होतें. सांठविण्यासारखें पुष्कळच आहे. पेणच्या आणि जवळच्या हमरापूर, जोहे या गांवांच्या गणपतीच्या कारखान्यांत, शाडूच्या मातीवर हात कसा बसतो आणि मूर्तीचे डोळे कसे उघडावे लागतात, हें सांगूं शकणारे जुने कारागीर आहेत. आगरी लग्नांत धवले गाणाऱ्या धवलारणी आहेत. त्यांचीं गाणीं मुखोद्गत असतात, आणि त्यांतील कितीतरी कागदावर उतरलेलीं नाहींत. डोंगराच्या बाजूला कातकरी आणि ठाकूर यांच्या वाड्या आहेत, त्यांची बोली निराळी.

आणि जें गेलें, त्याचें उदाहरणही याच भागांत आहे. जुन्या कुलाबा जिल्ह्यांत, म्हणजे आजच्या रायगडांत, बेने इस्राएल समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती होती. पेण आणि रोहा येथेंही होती. तेल गाळण्याचा धंदा करून शनिवारीं घाणा बंद ठेवणारा, म्हणून ‘शनवार तेली’ या नांवानें ओळखला जाणारा हा समाज घरांत मराठीच बोले. १९४८ नंतर त्यांतील बहुसंख्य कुटुंबें इस्राएलास गेलीं. त्यांचीं प्रार्थनामंदिरें दाखवितां येतात. पण त्यांच्या ओसरीवर बोलल्या जाणाऱ्या मराठीचा हेल आतां या गांवांत क्वचितच कानीं पडतो.

साहित्याची किंमत या तराजूंत घालून पाहिली पाहिजे. ऐंशीच्या घरांतली धवलारीण यंदा गाऊं शकते. आणखी दोन वर्षांनीं, चाळीस हजारांचा मायक्रोफोन घरांत आल्यावर, तिचा दम टिकून राहील असें कोणीं सांगावें? म्हणून ‘उत्तमांतलें उत्तम साहित्य कोणतें’ असा प्रश्न न विचारतां, ‘यंदाच, आहे त्या घरांत, बोललेला शब्द न् शब्द कळेल असें मुद्रण होण्यास कमींत कमी किती लागतें’ असा विचारावा. याचें उत्तर पुष्कळांना वाटतें त्याहून बरेंच लहान आहे.

तें लहान कां, हें समजण्यासाठीं मनुष्याच्या बोलण्याकडे पाहावें लागतें. टेलिफोनमधून सेकंदाला सुमारें ३०० ते ३,४०० कंपनें एवढाच पट्टा पूर्वापार पाठविला जातो, आणि तेवढ्यांत बोलणें स्पष्ट समजतें, बोलणारा कोण हेंही ओळखतां येतें. ‘स’, ‘श’ यांसारख्या उष्म वर्णांचा धारदारपणा नीट यावयाचा तर ७-८ हजार कंपनांपर्यंत गेलें म्हणजे पुरे. १९६२ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत गेर्हार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट या दोघांनीं विद्युत्‌भार धरून ठेवणाऱ्या पातळ पापुद्र्याचा ‘इलेक्ट्रेट’ मायक्रोफोन सिद्ध केला. तेव्हांपासून मायक्रोफोन इतका स्वस्त झाला आहे कीं, सदऱ्याला अडकवावयाचा हजार रुपयांच्या आंतबाहेरचा माइकही हा सगळा पट्टा सहज टिपतो. यादींतील ‘९६ हजार’, ‘१९२ हजार’ हे नमुनादराचे आंकडेही असेच भुलविणारे आहेत. मनुष्याचा कान २० हजार कंपनांपलीकडे ऐकत नाहीं, आणि तेवढ्यासाठीं सेकंदाला ४४,१०० नमुने पुरतात. त्यावरची चैन वटवाघळांच्या उपयोगाची.

मग घरचें मुद्रण इतकें वाईट कां ऐकूं येतें? विहिरींतून बोलल्यासारखा घुमारा, मागें सतत चाललेली घरघर, आणि मध्येंच बुडणारे शब्द हे दोष बहुधा यंत्राचे नसतात. ते खोलीचे असतात व अंतराचे असतात.

खोलीचें महत्त्व जुन्या नभोवाणीवाल्यांनीं फार लवकर ओळखलें होतें. १९२३ सालीं लंडनची ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनी सॅव्हॉय हिल येथील जागेंत गेली तेव्हां तिच्या ध्वनिगृहांच्या भिंती जाड पडद्यांनीं झांकून टाकण्यांत आल्या होत्या. पुढें असें आढळलें कीं, हा उपाय जरा अतीच झाला, संगीत अगदीं कोरडें आणि निर्जीव ऐकूं येऊं लागलें. पण बोलण्यापुरता तो योग्यच होता. मुंबईच्या ब्लॉकमध्यें लादी, कांच आणि सपाट भिंती यांच्या मध्यें बसून बोललें कीं प्रत्येक शब्द भिंतींवर आपटून परत येतो व मागच्या शब्दांत मिसळतो. बोलणाऱ्याच्या समोर बसलेल्या माणसाला हें जाणवत नाहीं, कारण दोन कानांच्या मदतीनें मेंदू हवा तो आवाज निवडून घेतो. एका मायक्रोफोनला ही निवड करतां येत नाहीं. त्याला सगळें सारखेंच.

याला पैशाचा उपाय आहे आणि गोधड्यांचाही आहे. बोलणाऱ्याच्या पाठीमागें आणि दोहों बाजूंना जाड गोधड्या टांगल्या, खालीं सतरंजी टाकली, तर घुमारा निम्म्याहून कमी होतो. कपड्यांनीं भरलेलें उघडें कपाट पाठीमागें असलें तरी चालतें. पेण-रोह्याकडे याहूनही सोय आहे. हा भाताचा मुलूख. जुन्या घरांत कोठीची खोली असते, आणि भाताच्या पोत्यांची थप्पी लागलेली खोली आवाज असा पिऊन टाकते कीं भाड्याच्या ध्वनिगृहाचें काम तेथें सहज व्हावें. बोटभर जाडीचे स्पंजाचे चौकोन मात्र घेऊं नयेत. ते केवळ उंच पट्टीचा आवाज शोषतात, पुरुषी आवाजाचा घुमारा तसाच राहतो, आणि बाहेरचा गोंगाट तर मुळींच अडवीत नाहींत. चित्रांत ते फार चांगले दिसतात, एवढाच त्यांचा गुण.

दुसरी गोष्ट अंतराची. तोंडापासून माइकचें अंतर दुप्पट केलें कीं सरळ पोंचणारा आवाज ६ डेसिबेलनीं उतरतो, खोलीचा घुमारा आणि पंख्याची घरघर मात्र जवळजवळ तितकीच राहते. म्हणजे मेजाच्या मध्यभागीं, हातभर अंतरावर ठेवलेला चाळीस हजारांचा माइक आणि तोंडापासून वीतभर अंतरावर असलेला हजाराचा माइक यांची झुंज लागली, तर बहुतेक वेळां हजाराचाच जिंकतो. अगदीं तोंडासमोर धरल्यास ‘प’ आणि ‘फ’ यांच्या वेळीं वाऱ्याचा धपकन् आवाज होतो. त्यासाठीं माइक तोंडाच्या रेषेंतून किंचित् बाजूला सारावा. याला दमडी पडत नाहीं.

तिसरी गोष्ट बाहेरच्या आवाजांची, आणि हिच्यांत कोंकण कोणाची भीड धरीत नाहीं. पेण मुंबई-गोवा महामार्गावर. रोह्यापासून कोंकण रेल्वेचा आरंभ होतो, त्यामुळें मालगाड्यांच्या शिट्या रात्रींही चालूच. कारखान्यांतून गणपतीपूर्वींचे महिने रंगाच्या फवाऱ्याचे कॉम्प्रेसर धडधडत असतात. या दिवसांत मूर्तिकाराला बोलतें करण्यास जाणें हेंही अविचाराचेंच आहे. त्याला मान वर करण्याची फुरसत नसते. पावसाळ्यांत पत्र्यावर आणि कौलांवर पाऊस वाजूं लागला म्हणजे कोणत्याही किंमतीचें यंत्र त्याला थोपवूं शकत नाहीं. दिवाळीनंतर होळीपर्यंतचे दिवस सर्वांत चांगले. हवा कोरडी, पंखा बंद ठेवला तरी जीव कासावीस होत नाहीं, कापणी आटोपल्यावर माणसांना वेळही असतो. पहांटेचा तास निवडला तर महामार्गही थोडा निवलेला असतो. तारीख आणि वेळ नीट निवडल्यानें जें साधतें तें वीस हजार खर्चून साधत नाहीं.

म्हणून कांहीं विकत घेण्यापूर्वीं एक संध्याकाळ प्रयोगाला द्यावी. घरांत जो मोबाइल आहे तो विमानप्रवासाच्या स्थितींत टाकून, पुस्तकांच्या चळतीवर, बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवावा. पंखा बंद, शीतकपाट बंद. दहा मिनिटें कोणालाही बोलतें करावें. मग तेंच बैठकीच्या खोलींत, तेंच कोठीच्या खोलींत, तेंच गोधड्या लावून. दुसऱ्या दिवशीं साध्या हेडफोननें तें ऐकावें आणि कागदावर लिहावें : काय खटकलें? घुमारा, घरघर, दोघांपैकीं एकाचा आवाज दूरचा, कीं आवाज चिरका? हा कागद हीच खरी खरेदीची यादी. जो दोष कागदावर नाहीं, त्याच्यावर पैसा खर्च करण्याचें कारण नाहीं.

आतां कोणत्या दोषाला काय पडतें तें पाहावें. दोन माणसें बोलत असून एक दूर पडत असेल, तर दोघांना एकेक कपड्याला लावावयाचा माइक द्यावा. तारेचा घेतला तर दोन हजारांच्या आंत काम होतें. बिनतारी जोडी चारपांच हजारांपासून मिळते. म्हाताऱ्या माणसांसाठीं हा प्रकार फार सोयीचा आहे, कारण समोर दांडा दिसला कीं त्यांची जीभ अडखळते, आणि पदराला लावलेली चिमुकली वस्तु तीं पांच मिनिटांत विसरून जातात. मोबाइल स्वतःच्या बुद्धीनें आवाज वरखालीं करीत असेल, गाण्याच्या मधले श्वास खाऊन टाकीत असेल, तर दहाबारा हजारांचा स्वतंत्र हातांतला रेकॉर्डर घेणें योग्य. धवलारणींचा घोळका गात असतां त्याच्या दोन माइकांचा उपयोगही होतो. मोबाइलवर बोलणें मुद्रित करावयाचें आणि यंत्राची हौस नाहीं, त्यांनीं तो घेऊं नये. एकच माणूस दर आठवड्याला घरून बोलणार असेल, तर संगणकाला थेट जोडतां येणारा तीन ते सहा हजारांचा माइक पुरतो. हेडफोन मात्र पहिल्याच दिवशीं घ्यावा, दीडदोन हजारांचा, कान पूर्ण झांकणारा. मुद्रण चालू असतांनाच दोष ऐकूं आला तर तो सुधारतां येतो. घरीं परतल्यावर ऐकूं आला तर पुन्हा रोहा गांठावें लागतें, आणि गोष्ट दुसऱ्यांदा तशीच सांगितली जात नाहीं.

दुकानांत एक वाक्य नेहमीं ऐकूं येतें : डायनॅमिक माइक खोलीचा आवाज घेत नाहीं, कंडेन्सर घेतो. हें अर्धेंच खरें आहे. डायनॅमिक माइकमध्यें पडद्याला जोडलेलें तारेचें वेटोळें चुंबकाच्या क्षेत्रांत हलतें. त्याची संवेदनशीलता कमी, म्हणून तो तोंडाजवळच धरावा लागतो, आणि जवळ धरल्यामुळें खोली कमी ऐकूं येते. गुण अंतराचा आहे, श्रेय माइकला मिळतें. परंतु कोंकणांत डायनॅमिकची शिफारस करण्यास निराळें आणि चांगलें कारण आहे. या पट्ट्यांत वर्षाला सुमारें तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. कंडेन्सर माइकच्या विद्युत्‌भारित पापुद्र्यावर दमटपणा बसला कीं चरचर आणि फुसफुस सुरू होते; वेटोळ्याच्या माइकला त्याची फारशी फिकीर नसते.

महाग साहित्य निरर्थक आहे असें मात्र नाहीं. १९७३ सालीं निघालेला शूअर कंपनीचा एसएम७ हा माइक आणि त्याचे पुढचे भाऊबंद आज पॉडकास्टवाल्यांच्या मेजावर जिकडे तिकडे दिसतात. १९८२ सालच्या मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’ या संग्रहाचें गायन याच जातीच्या माइकवर मुद्रित झालें होतें. त्याला तीसचाळीस हजार पडतात. पण हा माइक आवाज इतका क्षीण देतो कीं, तो साठ डेसिबेलच्या आसपास वाढविणारा चांगला ॲम्प्लिफायर त्याच्या पाठीमागें लागतो. म्हणजे आणखी दहापंधरा हजार. मग स्टँड, जाड तार, आणि इतकें झाल्यावर पितळ उघडें पडतें तें खोलीचें. जो माणूस आधींच पन्नास भाग प्रसिद्ध करून बसला आहे आणि ज्याच्या कागदावर ‘आवाजांत भरीवपणा नाहीं’ एवढाच एक दोष उरला आहे, त्यानें हा खर्च अवश्य करावा. पहिला भाग अजून व्हावयाचा आहे अशा घराचा हा खर्च नव्हे.

हिशेबाची एक साधी रीत आहे, आणि रोह्यांत बालपण घालविलेले चिंतामणराव देशमुख १९४३ सालीं रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले हें लक्षांत घेतां, या बाजूच्या मंडळींना ती परकी वाटूं नये. एकूण खर्चाला भागांच्या संख्येनें भागावें, पण ती संख्या मनांतली घेऊं नये, हातून खरोखर होईल ती घ्यावी. समजा, बारा वडीलधाऱ्यांची प्रत्येकीं तासभर मुलाखत घ्यावयाची आहे. पांच हजारांत साहित्य बसविलें तर भागाला चारशेंच्या वर कांहीं रुपये पडतात; साठ हजारांत बसविलें तर पांच हजार. आणि उत्साह तिसऱ्या भागालाच ओसरला, जें पुष्कळदां होतें, तर पहिल्या घराला भाग सतराशेंच्या आंत पडतो, दुसऱ्याला वीस हजारांना. शिवाय पैशांत न मोजला जाणारा खर्च आहेच. तासाभराचें बोलणें ऐकून, निवडून, कापून नीट करावयास तीनचार तास सहज जातात. ते तास कोण देणार हें ठरल्याशिवाय माइकची किंमत ठरविणें म्हणजे बाजारांत तुरी.

साहित्याच्या गरिबीमुळें मोठें काम अडत नाहीं, याचें उत्तम उदाहरण महाराष्ट्रांतच आहे. पुण्यांत हेमा राईरकर आणि गी प्वातव्हॅं यांनीं १९८० नंतरच्या दशकांत खेड्यापाड्यांतील बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचें काम उभें केलें. आरंभीं साहित्य म्हणजे वही आणि लेखणी. पुढें १९९० नंतर बर्नार्ड बेल यांच्या साहाय्यानें त्या काळचें चांगल्यापैकीं अंकीय मुद्रणयंत्र आलें, आणि कांहीं गांवांतील आवाज त्याच्यावर घेतले गेले. एक लाखाहून अधिक ओव्या लिहिल्या गेल्या. मुद्रण त्यांच्या एका अंशाचेंच झालें. यंत्र येईपर्यंत वही मिटून ठेवली असती तर लाखाचा आंकडा कधींच गांठला गेला नसता. आणि तें यंत्र कधींच आणलें नसतें, तर जातें थांबल्यानंतर आज ती लय कोणाला ऐकवितां आली नसती. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. खर्च केव्हां करावा हें त्या मंडळींना कळलें होतें, असें म्हणावें लागतें : काय मुद्रित करण्याजोगें आहे हें वहीनें दाखवून दिल्यावर.

याहून मागें गेलें तर १९१३ ते १९२९ या काळांत, ग्रियर्सन यांच्या भाषापाहणीच्या निमित्तानें, हिंदुस्थानच्या भाषांचे व बोलींचे नमुने ग्रामोफोनच्या तबकड्यांवर घेण्यांत आले. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूला सुमारें तीन मिनिटें मावत. एका बोलीच्या वांट्याला कांहीं मिनिटें, त्यांतही बहुधा बायबलांतील उधळ्या पुत्राची ठरीव गोष्ट. आज एका तासाचें असंकुचित मुद्रण ३१८ मेगाबाइटांच्या आसपास जागा घेतें, म्हणजे ६४ गिगाबाइटच्या नखाएवढ्या कार्डावर दोनशें तास मावतात. घरांतल्या आजीला उधळ्या पुत्राची गोष्ट सांगावी लागत नाहीं. लग्न होऊन अष्टमीच्या पुलावरून पहिल्यांदा रोह्यांत आल्याची ती सांगूं शकते.

याच कारणासाठीं मूळ मुद्रण असंकुचित ठेवावें. प्रसिद्ध करावयाची प्रत तासाला तीस मेगाबाइटांत बसविली तरी श्रोत्याला फरक कळत नाहीं, परंतु काढून टाकलेला आवाज त्या प्रतींतून पुन्हा मिळत नाहीं. मूळ मुद्रणाच्या दोन प्रती, दोन निराळ्या घरांत, एक मुंबईस आणि एक पेणेस. काटकसर करावयाची झाली तर माइकमध्यें करावी; दुसरें कार्ड अथवा दुसरी तबकडी यांत करूं नये. साहित्य घट्ट झांकणाच्या डब्यांत, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावें, आणि पावसाळ्यांत त्या पुड्या महिन्याकाठीं तपासाव्या.

मुद्रणाच्या आरंभीं तारीख, गांव आणि बोलणाऱ्याचें नांव त्याच्याच तोंडून वदवून घ्यावें, आणि हें बोलणें लोकांना ऐकविण्यास त्याची हरकत नाहीं ना, हेंही त्याच ठिकाणीं विचारून घ्यावें. धवलारणीच्या बाबतींत आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : यांतलीं कोणतीं गाणीं लग्नाच्या मांडवाबाहेर गायिलेलीं तिला चालतील.